एकच शिखर

मेक्सिकोतल्या कुलियाकानच्या प्रयोगशाळेत नेरेइदा औषधं तपासायची. डॉन एवारिस्तोच्या कारखान्यातल्या मधुमेहाच्या गोळ्यांत विष असल्याचा तिला संशय होता. पण औषध आणि विष दोन्ही पाण्यावर भाळणारी, घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या नळीत न अडकता पाण्याबरोबर जोडीनेच धावत सुटायची आणि पडद्यावरच्या आलेखात दोघांचं मिळून एकच शिखर उमटायचं. वर्षभर खपून तिने दोघांना वेगळं करणारी नळी शोधली.

आज त्या नळीतून विषाचं दुसरं शिखर उमटलं, तेव्हा डॉन एवारिस्तो पिस्तूल घेऊन शेजारीच उभा होता.

“माझ्या मालाला बट्टा लावतेस, बाई? खोट तुझ्या नळीत आहे!” त्याने ती पोलादी नळी उपसून तिच्याच तोंडावर हाणली. जबडा कडकन मोडला. “लाव जुनी!”

रक्त गिळत तिने जुनी लावली. एकच शिखर उमटलं, उंच आणि देखणं.

“बघ! म्हटलं नव्हतं?” त्याने खुशीत फोन लावला. “आई, माल चोख आहे गं. तुझ्या मधुमेहाला आजपासून आपल्याच गोळ्या घे.”

 

नेरेइदाने झेप घेऊन त्याची बाही धरली, पण मोडलेल्या जबड्यातून शब्दच फुटेना.