पाच-वीस चौदा

“बसतोय की दादा! समदे फियाटवाले ह्योच बसवत्यात,” म्हणत नारायणगावच्या गोरख टायरवाल्याने टायर जमिनीवर आपटून दाखवला.

भगवंतदादांनी टायरवरून हात फिरवला. “रुंद हाय. स्टेअरिंग जड व्हतं.”

“मग पाच-वीस चौदा मापाचा टायर आता मी कुठनं आणू? कंपन्यांनी कवाच बंद केला. कुणी मागतच न्हाई.”

“आमी मागतोय न्हवं?” दादा म्हणाले आणि काठी टेकत दुकानाबाहेर पडले.

सुदर्शनने गोरखला हात जोडले आणि तो बापाच्या मागे निघाला. तोंडावर त्याने हिरमुसल्याचा भाव आणला होता. मनातून मात्र त्याला हायसं वाटत होतं. आजचाही रविवार निभावला.

जानेवारीत दादांनी कळंबच्या घरासमोरच्या जुन्या फियाटवरची ताडपत्री काढली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणणार असं जाहीर केलं. इंजिनाने आठवडाभर नखरे केले आणि मग मुकाट सुरू झालं. घोडं अडलं ते टायरवर. जुने चारही टायर तडकून गेले होते, आणि चाकं जुन्या, अरुंद मापाची, रिम चौदा इंची. नव्या गाड्यांचे टायर दादा बघायचे आणि नाक मुरडायचे. त्यांच्यापुढे बोलणार कोण? तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी टायरच बदलले होते. रिमवर वीत टाकून माप सांगायचे. शंकेखोर माणसं टेप आणून मोजायची आणि तोंड पाडून परत जायची.

पण त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुदर्शनला बाजूला घेतलं होतं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याचा भरवसा नाही. गाडी चालवू देऊ नका, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. सुदर्शनने मान हलवली आणि बाहेर बसलेल्या बापाला सांगितलं, “थेंब दिलेत, घालायचे.”

पुढचं सांगायला त्याची जीभच उचलली नाही. टायर मिळाले की दादा किल्ली मागणार. आईला शेजारी बसवून सगळा मुलूख दाखवलेल्या माणसाच्या हातातून ती किल्ली काढून घ्यायची, तीही पोटच्या पोराने. त्यापेक्षा टायर न मिळालेले बरे.

आणखीही एक गोष्ट होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. आई गेल्यावर तो भोसरीहून फक्त दिवाळीला यायचा, जेवायचा आणि ऊन उतरायच्या आत परत निघायचा. बापलेकांत बोलणं असं नव्हतंच. आता दर रविवारी तो दादांना आपल्या गाडीत बसवून मंचर, जुन्नर, ओतूर पालथं घालत होता. दादा बोलत होते. माळशेज घाटात आईला गाडी लागली तेव्हा ती कुणाकुणाला काय काय बोलली, ते सगळं त्याला या फेऱ्यांतच कळलं. सोमवारपासून तो पुढच्या रविवारची वाट बघायचा.

“आता आळ्याला घे,” दादा म्हणाले. “तिथल्या जानकूच्या टायरगाडीला फियाटची चाकं हायती म्हणं.”

सुदर्शनने नाइलाजाने गाडी आळ्याकडे वळवली.

जानकूचं घर रस्त्यालगतच होतं, तो अंगणातच भेटला. दारात रबरी टायरची बैलगाडी उभी होती, तिला दोन चाकं. आणखी दोन गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली. टायरची नक्षी अजून शाबूत होती. सुदर्शन पुढे झाला, खाली वाकला आणि टायरवरचे उठावाचे आकडे त्याने वाचले. पाच-वीस. चौदा.

संपलं, असं त्याला वाटलं. आता इथेच, परक्या माणसाच्या दारात सांगावं लागणार.

दादा सावकाश उकिडवे बसले. त्यांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग रिमवर वीत टाकली, बोटं लावली, पुन्हा एकदा वीत टाकली.

“तेराचे हायत,” ते म्हणाले.

“व्हय, तेराचेच,” जानकू लगेच म्हणाला.

सुदर्शन बापाच्या हाताकडे बघतच राहिला. डोळ्यांचं एक वेळ समजू शकतो. पण हा हात? तो हातही चुकायला लागला? आणि त्याच क्षणी आपली सुटका झाली असंही त्याला वाटलं. त्या सुटकेची त्याला इतकी लाज वाटली की त्याने मान वर केली नाही.

“हो दादा,” तो म्हणाला. “तेराच लिहिलंय.”

“ऱ्हाऊ दे मग. पुढच्या रविवारी बेल्ह्याकडं बघू.” दादा उठले आणि काठी टेकत गाडीत जाऊन बसले.

सुदर्शन दोन पावलं गेला आणि परत फिरला. जानकूच्या जवळ जाऊन तो हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, एक विनंती आहे. टायर चौदाचे आहेत, मी वाचलंय. पण त्यांची नजर अधू झालीय, गाडी चालवणं बरं नाही. ते पुन्हा कधी आले तर तेराचेच आहेत म्हणून सांगा.”

जानकूने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“कमाल हाय राव तुमची दोघांची,” तो म्हणाला. “बुधवारी दादा यष्टीनं एकटंच आलं व्हतं. म्हणलं, रविवारी पोराला घिऊन येतो, मी तेराचे म्हणीन, तू निस्तं व्हय म्हण.”