मे महिन्याचा रकाना

दहावीच्या वर्गापाशी मैत्रेयी पोचली, पण पाय काही केल्या आत शिरायला तयार नव्हते. हातात प्रिन्सिपल गुरुदत्त सरांनी टाइप करून दिलेलं सर्क्युलर होतं. आत अकरा मुलं. इतिहासाचा पेपर नऊ दिवसांवर.

सर्क्युलर खोटं होतं. खरं एवढंच, की शाळेच्या परदेशी बोर्डाचा दुसरा पेपर एकाच ठरलेल्या विषयावर येतो आणि तो विषय मेच्या परीक्षेला एक असतो, नोव्हेंबरच्या परीक्षेला दुसरा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत दोन रकाने शेजारीशेजारी छापलेले. मैत्रेयीने नोव्हेंबरचा वाचला आणि वर्षभर पोरांकडून पहिल्या महायुद्धानंतरचा तह घोटून घेतला. मेमध्ये येणार होतं शीतयुद्ध, जे तिने आठवड्याभरात वरवर उरकलं होतं. डोळे उघडे ठेवून माणूस खड्ड्यात पडतो, तो असा.

चूक वर्गातल्या जिज्ञासाच्या लक्षात आली. काल शाळा सुटल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली, घरून प्रिंट काढून आणलेलं पुस्तिकेचं पान पुढे धरलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी काही चुकीचं वाचतेय का?"

गुरुदत्त सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण शाळा नवी, पालेगावातल्या निम्म्या इमारतींना अजून रंगही लागायचा होता, आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटायला एक काडी पुरायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम," ते म्हणाले होते. "बोर्डाने ऐनवेळी विषय बदलला म्हणून सांगा. तुमचं कायम होण्याचं पत्र जूनमध्ये निघायचंय. बोर्डाकडून कोण विचारायला येतंय?"

मैत्रेयी आत गेली आणि खाली मान घालून सर्क्युलर वाचून टाकलं. वर्ग उसळला.

"नऊ दिवसांत? मजाक आहे काय!" प्रीतमने बाकावर मूठ आपटली. "हे बोर्डवाले साले... सॉरी मॅडम."

"मॅडम, तुमची पण सगळी मेहनत वाया गेली ना," विनिता म्हणाली. "संडेला पण यायच्या तुम्ही, अंबरनाथवरून, आमच्यासाठी."

पोरांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मैत्रेयीने खडू उगाच या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून धर्मेश म्हणाला, "एक मिनिट. माझा कझिन बदलापूरला आहे, सेम बोर्ड. त्यांचं तर पहिल्यापासून शीतयुद्धच चालू आहे. मग बदललं कधी?"

 अकरा चेहरे तिच्याकडे वळले. 

जिज्ञासा उभी राहिली. "त्यांच्या शाळेला आधी कळलं असेल," ती म्हणाली. "मी काल वेबसाइटवर बघितलं ना. बोर्डानेच बदललंय." तिने मान वर केली नाही. कान मात्र लालबुंद झाले होते.

जिज्ञासा म्हणते म्हणजे तसंच असणार. ही पोरगी साधं गृहपाठाचं कारणसुद्धा कधी खोटं सांगत नसे. धर्मेशने खांदे उडवले आणि विषय सोडला. सगळं निभावलं. मैत्रेयीला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला भयंकर लाज वाटली. एवढी लाज तिला काल ते पान बघतानाही वाटली नव्हती.

तिने सर्क्युलरची घडी घातली. "बोर्डाने काही बदललेलं नाही," ती म्हणाली. "पुस्तिकेत दोन रकाने होते. मी चुकीचा वाचला. चूक माझी एकटीची आहे. जिज्ञासा, तू खाली बस, बाळा."

 बाहेरच्या इमारतीवरचं काँक्रीट मिक्सर तेवढा घरघरत राहिला.

"म्हणजे वर्षभर..." प्रीतम म्हणाला.

"हो."

"मी तर तो तह आजीला पण आगरीत समजावून सांगितला, मॅडम. तिला पण पाठ झालाय." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. विनिता रडायला लागली होती.

"पप्पांना काय सांगू?" धर्मेशने तिच्याकडे न बघता विचारलं.

"हेच सांग. संध्याकाळी मीही सगळ्यांच्या घरी फोन करणार आहे."  फळ्याकडे वळून तिने मोठ्या अक्षरांत विषय लिहिला. "नऊ दिवस आहेत. रोज शाळा सुटल्यावर दोन तास, आणि रविवारी दिवसभर. पुस्तकं काढा."

 एका दप्तराची चेन वाजली, मग दुसऱ्याची. धर्मेशने सगळ्यात शेवटी पुस्तक काढलं, ते बाकावर आपटून. पण काढलं.

जिज्ञासाचं पुस्तक तसंच मिटलेलं होतं. मैत्रेयी तिच्या बाकापाशी गेली तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता तुम्हाला काढून टाकतील, मॅडम."

"टाकतीलही."

"मी सांभाळून घेतलं होतं ना." तिचे डोळे भरून आले होते. "कुणालाच कळलं नसतं."

"तुला खोटं बोलावं लागलं, म्हणूनच," मैत्रेयी म्हणाली, आणि तिचं पुस्तक स्वतः उघडून तिच्यापुढे ठेवलं.