शेवटच्या गल्लीची बाटली

पाणीपुरवठ्याच्या तपासनिसानं आठवी बाटली नळाखाली धरली. शहराच्या आठ भागांतून आठ नमुने आणायचे, असा नियम. नळ मात्र एकच, टाकीला चिकटलेला. आठही बाटल्या तिथंच भरायच्या आणि चिठ्ठ्या तेवढ्या वेगवेगळ्या डकवायच्या, ही पद्धत त्याच्या साहेबाच्या साहेबानं घालून दिलेली. उगाच पायपीट कोण करतो? बारा वर्षांत एकही नमुना नापास झाला नव्हता. होणार तरी कसा!

‘शेवटची गल्ली’ अशी चिठ्ठी तो लावतोय तोच त्याची मुलगी आत आली. तिथंच तिचं सासर. जागरणानं तोंड उतरलेलं, हातात घरच्या नळाची बाटली.

“बाबा, माझ्या ठमीचा ताप उतरतच नाही, दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर पाण्याचं विचारत होते. मी छातीठोकपणे सांगितलं, आमचं पाणी माझे बाबाच तपासतात. म्हणून ते भलताच ताप शोधत बसलेत. तरी मनात शंका नको. जरा बघता का?”

त्यानं ते पाणी काचेच्या नळीत ओतून औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असलं तर ते पिवळं होतं. झालं नाही. त्यानं आणखी दोन थेंब टाकले, नळी उगाच हलवली. पाण्याचा रंग बदललाच नाही. नाकाशी नेलं तर गटाराचा वास.

शेजारच्या नळीत त्यानं तिच्याच गल्लीची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतलं पाणी ओतून तेच थेंब टाकले. ते छान पिवळं झालं.

“हेही आमचंच ना? मग हे पिवळं कसं?”

त्यानं दोन्ही नळ्या खाली ठेवल्या. महिन्यापूर्वी तिनं विचारलं होतं, पाण्याला वास येतो, उकळून घेऊ का? रिपोर्ट चोख आहे, गॅस कशाला जाळतेस, असं त्यानंच तिला सुनावलं होतं.

“ते इथलं आहे,” तो म्हणाला. “आठही बाटल्या इथल्याच. डॉक्टरांना फोन लाव. सांग, पाणीच खराब आहे.”

तिनं फोन काढला तोच तो वाजला. दवाखान्यातून नवरा बोलत होता. ती ऐकत राहिली. मग तिचा हात खाली आला. फोनमधून त्याचं रडणं ऐकू येत होतं.

ती रडली नाही. तिनं आपल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“घरी धाकटा हेच पितोय,” ती म्हणाली. “आता तरी उकळू का, बाबा?”