डॉलर टाकायचा नसतो

प्लंबरने मांडीवरच्या टॅबलेटवर आणखी एक ओळ टाइप केली आणि टॅबलेटने त्याला पुन्हा ठणकावून सांगितलं, की असा काही हुकूम आपल्याला माहीत नाही.

“अगं, यालासुद्धा नाहीच म्हणतोय हा,” तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या पलंगावर त्याची बायको डोळे मिटून पडली होती. तिच्या डाव्या हातातून निघालेल्या नळ्या शेजारच्या डायलिसिसच्या मशीनमध्ये जात होत्या आणि रक्त धुऊन परत येत होतं.

“मग राहू द्या ना,” ती म्हणाली.

हल्ली ती सगळ्यालाच असं म्हणायची. भाजी अळणी झाली? राहू द्या. खिडकी उघडू? उघडा. बंद करू? करा. जन्मभर पुस्तकांच्या पानांची मांडणी करणारी ही बाई. समास दोऱ्याएवढा चुकला तरी छापखान्याशी भांडायची, आणि छापखाना बंद असला तर नवऱ्याशी. आजाराला घाबरला नव्हता इतका तो तिच्या या समजूतदारपणाला घाबरला होता.

परवा तर तिने प्रकाशकांना फोन करून अर्धं झालेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, थांबतो. ती म्हणाली, नका थांबू. तेव्हाच त्याने ठरवलं, की तिचं काम उचलून तिच्या पलंगापाशी आणायचं. तिचं मांडणीचं सॉफ्टवेअर घरच्या जाडजूड कॉम्प्युटरवर, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं. ते धूड इथे आणणं शक्य नव्हतं. पण मुलीने आईला सिनेमे बघायला म्हणून पाठवलेल्या टॅबलेटवरही लिनक्स बसवता येतं, असं इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं. त्याने ते सगळं छापून आणलं. जोडणी म्हटलं की ते आपलंच काम, अशी त्याची समजूत. घरी निवांत बसून करता आलं असतं, पण ती जवळ नसताना असल्या भानगडीत पडायची त्याची छाती नव्हती.

“ओळीच्या सुरुवातीला काय टाकताय?” तिने डोळे न उघडताच विचारलं.

“डॉलरचं चिन्ह. कागदावर प्रत्येक ओळीला आहे.”

“डॉलर टाकायचा नसतो. तो आधीच तिथे असतो. त्याच्यापुढचं टाका.”

वाटेवरच्या माणसाला पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. डॉलर वगळल्याबरोबर टॅबलेट सुतासारखा सरळ आला. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. त्याच्या फोनवरचं इंटरनेट रडतखडत एकेक गोष्ट आणत होतं आणि तो ठिबकणाऱ्या नळाखाली बादली भरायची वाट बघावी तसा बघत बसला होता.

“अगं, पासवर्ड टाकतोय, पण उमटतच नाहीये.”

“उमटत नसतो. टाकत राहा.”

मध्येच पडदा काळाठिक्कर पडला. प्लंबरने टॅबलेट उलटासुलटा करून बघितला. मग वर एक पट्टी आली, डावीकडे फोल्डर आली, मधोमध एक बाण आला. थेट घरच्या कॉम्प्युटरसारखं! त्याचा जीव भांड्यात पडला. पेनड्राइव्हवरून आणलेलं तिचं अर्धं पुस्तक त्याने उघडलं, टॅबलेट सदऱ्याला पुसला आणि तिच्या उजव्या हाताजवळ उशीला टेकवून उभा केला.

“एकदा बघ तरी.”

त्याचं मन मोडायला नको म्हणून तिने डोळे उघडले. पडद्यावर बोट फिरवलं. बाण हलला, पान सरकलं. आणखी एक पान सरकलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

“अहो, हे काय आहे?”

“तुझं पुस्तक.”

“हे माझं पुस्तक? ओळी बघा कुठे चालल्यात! हा कुठला फॉन्ट? माझा फॉन्ट कुठाय?”

“फॉन्टपण आणावा लागतो?”

“नाहीतर काय तो चालत येणार आहे?” शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी मान वळवून बघितलं. “नवं घर बांधलंत आणि भांडी सगळी जुन्या घरात ठेवून आलात! लहान मुलांचं पुस्तक आहे हे. गोष्ट एकीकडे, चित्र एकीकडे. हा हत्ती बघा, पुढच्या पानावर एकटाच उभा आहे!”

प्लंबरने बघितलं. हत्ती खरोखरच एकटा उभा होता.

“उद्या आणतो फॉन्ट,” तो म्हणाला.

“उद्या? आणि आज हत्तीने काय करायचं? आत्ता जा. घरी कॉम्प्युटरवर फॉन्टचं फोल्डर आहे, ते अख्खं उचलून आणा. निवडत बसू नका, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि जाता जाता प्रकाशकांना फोन करा. म्हणावं, खबरदार, पुस्तक कुणाला दिलंत तर. बघताय काय? सरका आधी, उजेड अडवताय.”

तो सरकला. छापलेले कागद तिथेच खाली पडले, ते उचलायचंही त्याला सुचलं नाही. वॉर्डच्या दारापाशी पोचेपर्यंत त्याला पुढचं नीट दिसेनासं झालं आणि तो समोरून येणाऱ्या सिस्टरवर जवळजवळ आदळलाच.

“काका, काय झालं? रडताय कशाला? काकूंना त्रास होतोय का?”

“नाही हो, सिस्टर,” तो बाहीने डोळे पुसत म्हणाला, “रागावलीये माझ्यावर. चांगलीच रागावलीये.”