मोटाबेन

अमरेलीच्या त्या बालमंदिरात आजवर बायकाच शिकवायच्या. त्यामुळे शिकवणारं माणूस म्हणजे 'बेन', एवढंच पोरांना ठाऊक. केयूर नोकरीला लागला आणि पहिल्याच तासाला 'केयूरबेन' झाला. त्याने हरकत घेतली नाही. हाक मारणाऱ्याला जोराची शू लागली होती.

तिसऱ्या दिवशी त्याचे पप्पा, निवृत्त पोलीस जमादार वजुभाई, मिशा पिळत वर्गाच्या दारात उभे राहिले.

"जमादाराचा मुलगा शेंबूड पुसतो म्हणून गाव हसतंय! आत्ताच्या आत्ता घरी चल, नाहीतर घराचं दार तुला बंद!"

"पप्पा, हळू बोला ना. उंटाची गोष्ट चाललीये."

"मला हळू बोलायला सांगतोस? लाज आहे का?"

पोरं टकमक बघत होती. नव्या मोटाबेन, म्हणजे मुख्याध्यापिका, याच आठवड्यात येणार होत्या. आणि बेनवर ओरडायची हिंमत मोटाबेनशिवाय कोणाला असते? मिशांचं म्हणाल, तर केयूरबेनलाही होत्याच.

तीस पोरं हात जोडून उभी राहिली. "नमस्ते, मोटाबेन!"

वजुभाईंचा हात मिशीवरच राहिला.

केयूरही पोरांच्या रांगेत उभा राहिला. त्याने हात जोडले.

"नमस्ते, मोटाबेन. मला घरी जायला रजा नकोय."