केरेचा कागद

कागद जळून गेल्यावर अहल्येला कळलं, की केरे म्हणजे तलाव.

"केरेचं चित्र एकदा म्हैसूरला दसऱ्याच्या प्रदर्शनात गेलं, की हे निवांत होतील," सासूबाई पुष्पावती भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"केरे म्हणजे?"

"अय्यो, तलाव ग! हेब्बाळचा."

अहल्येने बंबाकडे पाहिलं. सकाळी बाहेर पडताना सासरे श्रीधरराव म्हणाले होते, "टेबलावरचा केराचा कागद तेवढा बघ." निदान तिने तरी तसंच ऐकलं. पालथा पडलेला डागाळ कागद तिने उलटूनही पाहिला नाही, थेट बंबात घातला. म्हणाले असणार केरेचा! पुण्याहून लग्न होऊन आलेली ती. इथलं अर्धं कानडी मराठी अजून तिच्या कानात बसलं नव्हतं.

श्रीधररावांच्या जलरंगांचं बंगळुरात मोठं नाव. यंदा मात्र त्यांच्या हातून एकही चित्र बाहेर पडलं नव्हतं. आता या एका चित्रावर सगळ्या घराचा जीव टांगलेला, आणि ते सुनेने जाळलं.

सांगायची छाती झाली नाही. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या तशी ती टेबलाशी बसली. तिचे वडील ड्रॉइंग मास्तर होते, पण तिच्या हातात कला आहे हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. तलावाची पेन्सिलीतली स्केचेस समोर होतीच. तिने कागद ओला केला, आभाळ वाहू दिलं, बगळ्यांपुरती जागा कोरी राखली. हात असा कापत होता, की पाण्यावरच्या लाटा आपोआपच उमटल्या.

संध्याकाळी श्रीधरराव आले आणि चित्रासमोर थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. आता ओळखतील, आता ओरडतील, असं अहल्येला वाटत राहिलं.

ते ओरडले नाहीत. चहाला हात न लावता त्यांनी तिला आत बोलावलं. सगळं कबूल करून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं.

"मामंजी, मी..."

"स्वल्प हळू. दार लाव." त्यांचा चेहरा पार उतरला होता. "हिला कळू देऊ नकोस. सकाळी तुला केराचा कागद टाकायला सांगितला ना, तेच केरेचं चित्र. जमलंच नव्हतं, नुसता चिखल झाला होता. आणि हे बघ, किती छान झालंय! पण हे मी काढल्याचं मला काही केल्या आठवत नाही ग. माझ्या वडलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते मलाच विचारायचे, आपण कोण?"