चांदीचा बिल्ला

गारपिटीत सिधूतात्याची चांदी मेंढी त्याच्या मांडीवरच गेली. बायकोनं मरायच्या आधी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली ती. मेंढीच्या कानातला सरकारी बिल्ला काळजाचे ठोके ऐकायचा. ठोके थांबले की भरपाई आपोआप खात्यात पडायची. ती शेवटचे आचके देत असतानाच तात्यानं बिल्ला काढला आन् स्वतःच्या कानातली बाळी उतरवून तिथं अडकवला.

गुरांचा डॉक्टर आला. "तात्या, मशीन म्हणतंय चांदी जित्ती हाय. कुठाय?"

"ही काय, तुझ्यासमोर तंबाखू मळतीया."

"येड लागलं का? काढ तो बिल्ला, भरपाई मिळंल."

"पैसं घेतलं म्हंजी ती मेली म्हणायचं. मग पालात कोण उरलं माझं?"

डॉक्टर माघारी गेला.

थंडीत एका सकाळी डॉक्टरच्या मोबाइलवर मेसेज आला, 'चांदी मयत. भरपाई जमा.'

डॉक्टर तसाच अनवाणी तात्याच्या पालाकडं पळाला.